मांजराचा लिटर ट्रे झाकायचं कपाट कसं निवडावं: नागपूरच्या घरासाठी मापं, जागा आणि लाकूड

लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शू-शीसाठी माती किंवा तसाच भुगा (लिटर) भरून ठेवलेला ट्रे. तो झाकायला फर्निचर घ्यायला निघालेली माणसं बहुतेक बाहेरून सुरुवात करतात. सनमायका कोणता, सोफ्याशी जमेल का, वर टीव्ही ठेवता येईल का. कपाट घरी आलं की कळतं, ट्रे आत मावत नाही. मावला तर मांजराला आत वळता येत नाही. आणि ते कसंबसं वळलंच, तर आपल्याला रोज सकाळी फरशीवर गुडघे टेकून अंधाऱ्या भोकात हात घालावा लागतो. चार दिवस हौस राहते, पाचव्या दिवशी कंटाळा येतो, सातव्या दिवशी वास.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी मांजर, मग ट्रे, मग जागा आणि हवा, आणि त्यानंतर कपाट. एक गोष्ट मात्र सगळीकडे पुन्हा पुन्हा येईल: ट्रे पाहुण्यांना दिसू नये हे ठीक, पण तो साफ करणाऱ्या माणसाच्या हाताला एका झटक्यात लागला पाहिजे. कपाट कितीही देखणं असलं आणि एवढं जमत नसलं, तर ते घेऊ नका.

आधी मांजराचं माप

मांजर ऐसपैस आडवं पसरलेलं असताना शिंप्याचा टेप घ्या आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा. शेपूट धरायची नाही. आलेल्या आकड्याची दीडपट ही ट्रेची किमान लांबी. आपल्याकडच्या साध्या देशी मांजराचं हे माप ४५ सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे ट्रे सुमारे २७ इंचांचा हवा. धिप्पाड बोका असेल किंवा पर्शियन असेल तर त्याहून मोठा.

आता पेट शॉपमध्ये ठेवलेल्या ट्रेला तोच टेप लावून बघा. बरेचसे १६ ते २० इंचांत संपतात. पिल्लाला ते पुरतात, मोठं मांजर त्यात उभं राहतं आणि मागचा भाग काठाबाहेर ठेवून शू करतं. मग आपण म्हणतो, मांजर बदमाश आहे. यावर सोपा उपाय म्हणजे अंथरुणं ठेवायचा झाकणाचा मोठा प्लास्टिक टब. झाकण बाजूला ठेवायचं, एका आखूड बाजूला चार-पाच इंच उंची ठेवून वरचा भाग कापायचा, कापलेल्या कडेवर रबरी बीडिंग चढवायची. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी ही उंची तीन इंचांवर आणा. बाकीच्या तीन भिंती दहा-बारा इंच उंच राहू द्या. काही मांजरं बसता बसता मागून उभी होतात, त्यांची धार या भिंतींवर अडते आणि कपाटाचं लाकूड वाचतं.

लिटरचा थर दोन ते तीन इंच. जास्त टाकलं म्हणजे जास्त दिवस चालतं असं होत नाही, फक्त जास्त सांडतं.

ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकाने जास्त ठेवावी, असं पशुवैद्य सांगतात. एका मांजराला दोन, दोघांना तीन. प्रत्येकासाठी कपाट करायची गरज नाही. हॉलमधला झाका, दुसरा मागच्या गॅलरीत उघडा राहू द्या. नव्या कपाटाशी मांजराची गट्टी जमेपर्यंत हा दुसरा ट्रेच घर सांभाळतो.

तुम्ही आत काय टाकता?

अजूनही बऱ्याच घरांत घमेल्यात कन्हानची रेती टाकून काम चालतं. उघड्यावर, वरांड्यात, रोज बदलत असाल तर हरकत नाही. बंद कपाटात मात्र रेती नको. तिचे गोळे बनत नाहीत, शू खाली झिरपून तळाशी साचते आणि वास तिथूनच उठतो.

कपाटात ठेवायचं तर गोळे होणारं बेंटोनाइट सोयीचं. ही चिकणमाती कच्छ आणि बाडमेर भागातल्या खाणींतून निघते आणि सहज मिळते. शूचा घट्ट गोळा होतो, तो चाळणीच्या चमच्याने उचलला की बाकीची माती कोरडी राहते. दोष दोन: धूळ उडते आणि पायाला चिकटून घरभर जाते. टोफूपासून केलेलं लिटर हलकं असतं, धूळ कमी करतं, पण ओलसर हवेत त्याला बुरशी लागू शकते. सिलिका क्रिस्टल हवेतलीच ओल ओढून घेतात, त्यामुळे कूलरच्या आणि पावसाच्या दिवसांत लवकर दमतात. कोणतंही घ्या, फक्त कपाट आणि लिटर एकाच आठवड्यात बदलू नका. दोन्ही नवं दिसलं की मांजर तिसरीच जागा शोधतं, आणि ती बहुतेक तुमची गादी असते.

जागा: नागपुरात पहिला प्रश्न कूलरचा

मुंबई-पुण्याकडच्या सल्ल्यांत ही गोष्ट सापडणार नाही. मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत आपल्या घरातली हवा कूलर ठरवतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ताट्यांमधून, म्हणजे ओल्या जाळ्यांमधून, ओढतो, आत ढकलतो, आणि तेवढीच हवा समोरच्या खिडकीतून किंवा दारातून बाहेर निघते. निघायला वाट नसेल तर खोली दमट होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. लिटरच्या कपाटाला हाच हिशेब लावायचा.

कूलर सुरू करा आणि कपाटासाठी मनात धरलेल्या जागी एक पातळ कागदाची पट्टी धरून उभे राहा. पट्टी कुठे झुकते ते बघा. ती बेडरूमकडे किंवा स्वयंपाकघराकडे झुकत असेल तर ती जागा बाद, कारण कूलर ट्रेवरून हवा उचलून सगळ्या घरात वाटणार. पट्टी उघड्या खिडकीकडे किंवा गॅलरीच्या दाराकडे झुकत असेल तर जागा चांगली. तीच हवा वास घेऊन बाहेर जाईल. कूलरच्या थेट झोतात कपाट ठेवायचंच नाही. लिटर ओलसर होतं, आणि अंगावर जोरात हवा येत असताना बसायला मांजराला आवडत नाही.

एसीच्या खोलीत याच्या उलट अडचण आहे. तिथे तीच हवा फिरत राहते, बाहेर जातच नाही. रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये झाकलेला ट्रे ठेवू नये.

गॅलरीचा मोह सगळ्यांना होतो. पूर्वेची, सावलीची असेल तर ठीक. पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या घरात जातो, उन्हात ठेवलेल्या बंद कपाटाच्या आतलं तापमान तर विचारूच नका. शूमधल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि उष्णतेत हे काम झपाट्याने होतं. म्हणजे जिथे मांजराला उभंही राहवत नाही, तिथेच वास सगळ्यात तीव्र. डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री म्हातारं मांजर त्याच गॅलरीत जायला तयार होत नाही, हे वेगळंच.

बाकी जागांबद्दल थोडक्यात. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, ड्रायर घुमला की मांजर ट्रे अर्धवट सोडून पळतं आणि पुन्हा यायला घाबरतं. इन्व्हर्टरच्या कोपऱ्यात नको. त्याच्या खाण्यापिण्याच्या वाट्यांजवळ नको, जेवायच्या जागी मांजर घाण करत नाही. देवघराच्या भिंतीला लागून ठेवला तर घरातल्या मोठ्यांशी रोज वाद, त्यापेक्षा आधीच टाळा. बेसा, मनीषनगरकडच्या रो हाऊस आणि डुप्लेक्समध्ये जिन्याखाली तिरकी पोकळी असते, ती फार उपयोगाची. तिथे पूर्ण कपाट लागतच नाही: समोर जाळीची दोन दारं आणि कडेला मांजराची वाट एवढंच पुरतं. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत जाड भिंतीतले कोनाडे आणि फडताळं असतात, पण त्यांची खोली बहुतेक फूट-सव्वा फूटच. मोजल्याशिवाय मनात मांडे नको.

हवेची वाट

कपाटाने वास कमी होत नाही. शेजारच्या घरातला सावजी रस्सा तीन भिंती ओलांडून आपल्याला कळतो, मग दाराच्या फटीतून अमोनिया येणार नाही असं कसं? पूर्ण बंद पेटीत उलट तो साठतो, आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्याने सगळ्यात आधी त्यालाच त्रास होतो.

म्हणून निवडताना बघा: कपाटाला खाली एक आणि वर एक अशी हवेची वाट आहे का? मागची फळी खालून दोन इंच आणि वरून तीन इंच आखूड ठेवली की काम होतं, समोरून काही दिसतही नाही. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ठेवायचं, नाहीतर ठेवलेली फट भिंतच बुजवते. दारांना जाळी किंवा लुव्हर असतील तर आणखी छान.

यापुढे जाऊन छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा मागच्या फटीत बसवता येतो. तो हवा बाहेर फेकणारा हवा, आत ढकलणारा नको, आणि आवाज जेमतेम ऐकू येईल इतका संथ. खिडकीजवळच्या कपाटाला त्याचा चांगला उपयोग होतो. आतल्या बंद कोपऱ्यात लावला तर तोच वास थोडा पुढे सरकेल, एवढंच. कोळशाच्या पिशव्यांचा बराच गवगवा आहे, पण साधा सक्रिय कोळसा अमोनिया फारसा धरत नाही. झिओलाइट नावाचं खनिज त्याहून चांगलं काम करतं. ट्रेच्या तळाशी चमचाभर खायचा सोडा भुरभुरला तरी चालतं.

आणि इथे एक गोष्ट ठळकपणे: वास मारायला कपाटात कापूर, डांबर गोळ्या, धूप किंवा सुगंधी तेलाची बाटली ठेवायची नाही. कापूर आणि नॅफ्थलीन दोन्ही मांजरांसाठी विषारी आहेत. काळं फिनाईलही नको. फिनॉलच्या जातीची रसायनं बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते, आणि पंजाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं.

कपाटाची मापं

२७ बाय १८ इंचांचा टब धरून हिशेब करू. टबाच्या बाजूला काढता-घालताना हात जायला दोन इंच. त्यापुढे मांजर आत शिरून टबाकडे वळेल अशी छोटी ओसरी, नऊ-दहा इंचांची. ही ओसरी वाया गेलेली जागा वाटते, पण पंजाला चिकटलेले कण तिथेच झडतात आणि हॉलची फरशी वाचते. म्हणजे आतली रुंदी ३९ इंच झाली. खोली १८ अधिक दोन, २० इंच. उंची किमान २२, कारण लिटरचा थर पायाखाली आला की मांजर तेवढंच वर येतं आणि बसताना मान उंच ठेवतं.

१८ मिलिमीटरच्या प्लायची जाडी दोन्हीकडे मिळवली की बाहेरून साडेतीन फुटांच्या आत, दोन फुटांहून कमी खोल असं कपाट होतं. मोठ्या शू रॅकएवढं. नीट आखून कापलं तर मागची पातळ फळी सोडून बाकी सगळं ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये बसवता येतं. मिस्त्रीला मापं इंच-सुतातच द्या. सेंटिमीटर सांगितले की तो मनात बदलतो आणि दोन-चार सूत इकडेतिकडे होतात.

खाली चार इंचांचे प्लास्टिकचे पाय घ्या. पोछा आरपार फिरतो, आणि पावसाळ्यातली फरशीची ओल व वाळवी दोन्ही लाकडापासून लांब राहतात.

तयार घ्यावं, जुनं घ्यावं की करून घ्यावं?

तयार फर्निचरमध्ये सगळी फसगत कपाटाच्या खोलीत होते. आजचे टीव्ही युनिट बारा ते सोळा इंच खोल असतात, कारण टीव्हीच पाटीएवढा पातळ झाला. पुढे कलणाऱ्या कप्प्यांचे शू रॅक तर त्याहून उथळ. दिवाणात जागा भरपूर असते, पण रोज दोनदा गादी उचलून फळी वर करणार कोण? वरून उघडणारं बाकडं बरं, कंबर वाकवावी लागत नाही. मात्र झाकणाला चांगला स्टे, म्हणजे ते उघडं धरून ठेवणारी दांडी, हवी. झाकण मध्येच निसटलं तर खाली मांजर किंवा तुमची बोटं असतात.

माझी पसंती जुन्या मालाला. डबा टीव्हीच्या काळातली शोकेसं आणि ट्रॉल्या आता कवडीमोल भावात निघतात. ते टीव्ही मागे लांबलचक असायचे, म्हणून ही कपाटं वीस-बावीस इंच खोल बनवली जायची, मागे वायर आणि हवेसाठी मोठं भोकही असायचं. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं आधीच केलेलं आहे. फक्त कडेच्या फळीत मांजराची वाट कापायची आणि आतून अस्तर लावायचं. घेण्याआधी तळाच्या फळीवर नखाने दाबून बघा आणि कोपऱ्यांत वाळवीची मातीची रेघ आहे का ते टॉर्च लावून तपासा.

दुसरा जुना माल तर निखळ आपल्या गावचा: कूलरची बॉडी. मोटर, पंखा, पंप, वायर सगळं काढून टाकायचं. तीन बाजूंना झडपा असलेल्या खिडक्या, त्या उचलून निघतात म्हणजे साफसफाईला वाट, आणि पंख्याच्या मोठ्या भोकातून हवा खेळती. ताट्या काढल्या की आत मोठा टब जातो. एका खिडकीत वाट कापून पत्र्याच्या धारदार कडेवर जाड रबरी बीडिंग बसवा, टाकीचा गंज खरवडून रंग द्या. हॉलमध्ये हे ठेवावं असं मी म्हणणार नाही, पण मागच्या सावलीच्या वरांड्यात झकास. ऊन येत असेल तिथे पत्रा नकोच.

बांबूच्या तट्ट्याचा पडदा स्वस्त, हवेशीर आणि दिसायलाही चांगला. ट्रेसमोर तिघडी पार्टिशनसारखा उभा करायला तो वापरा, ट्रेला चिकटणारी पेटी त्याची करू नका. शू बांबूत मुरली की धुऊन निघत नाही, आणि मांजर त्यावर नखं काढणार हे गृहीतच धरा.

करून घेणार असाल तर लाकूड

लकडगंज म्हणजे लाकडाचाच बाजार, तिथे गेलात की पहिला प्रस्ताव सागवानाचा येईल. सीपी टीकचं नाव देशभर आहे, आणि ते सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, ज्याची राजधानी हेच नागपूर होतं, त्यामुळे अभिमान समजण्यासारखा आहे. पण मांजराच्या शूसाठी सागवान वापरणं मला पटत नाही. उघडं राहिलं तर सागवानही ओल पितंच.

सगळ्यात वाईट निवड म्हणजे स्वस्त तयार फर्निचरमधला पार्टिकल बोर्ड. एका पावसाळ्यानंतर अशा कपाटाची खालची कड जवळून बघा. कडेची प्लास्टिकची पट्टी आधी एका टोकाला सुटते. तिच्या खाली भुसा फुगून गोलसर झालेला असतो, बोट लावलं की कण गळतात. स्क्रू बसलेल्या जागी भोक मोठं झालेलं असतं आणि बिजागरी हाताने हलते. हे नुसत्या हवेतल्या ओलीने होतं. त्यात शूचे चार थेंब रोज पडले तर पुढचं सांगायला नको. साधा एमडीएफसुद्धा त्याच वाटेने जातो.

प्लाय घ्यायचा तर शीटवरचा शिक्का वाचा: आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ मध्ये बीडब्ल्यूआर ही पाणी सोसणारी प्रत, आणि एमआर म्हणजे फक्त दमट हवेपुरती. तळ आणि कडेच्या फळ्या मरीन किंवा बीडब्ल्यूआरच्या, दारं साध्या प्लायची चालतील. दोन्ही बाजूंना सनमायका आणि प्रत्येक कापलेल्या कडेवर एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी. कोणाला दिसत नाही म्हणून मिस्त्री तळाची आणि मागची कड उघडी सोडतात. ओल तिथूनच शिरते, म्हणून काम घेताना या कडा आपण स्वतः बोट फिरवून तपासायच्या. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या) बोर्डाला ओल आणि वाळवीचं भयच नाही, कपाट अक्षरशः धुता येतं. मात्र तो उन्हात वाकतो आणि स्क्रू लाकडाइतका घट्ट धरत नाही. वर जड वस्तू ठेवायची नसेल तर मी तोच निवडेन.

मांजराची वाट

वाट कडेच्या फळीत, टबापासून लांबच्या टोकाला. समोरच्या दारात भोक पाडलं की आतलं दिसतं, मग झाकलं काय? रुंदी सात-आठ इंच, उंची आठ-नऊ. पर्शियनसारख्या झुपकेदार मांजराला दोन इंच जास्त. भोकाचा खालचा काठ तळापासून दोन-तीन इंच वर, म्हणजे कण आत अडतात.

मिस्त्रीला हे भोक नेहमी जास्त वाटतं. एक जण मला म्हणाला, "ताई, एवढं मोठं भोक कायले? अन् मांजराच्या शीसाठी कपाट, लोक हसतीन ना!" मी म्हटलं, "हसू द्या दादा, पण सात इंचाच्या खाली येऊ नका." त्याने चहाच्या डब्याचं झाकण ठेवून गोल आखलं होतं.

जिगसॉने कापल्यावर कडा पॉलिश पेपरने गोल घासून घ्या आणि लवचीक बँड लावा. फळीच्या कापात राहिलेली एक बारीक ढलपी मांजराच्या पोटाला लागली, तर ते त्या भोकातून पुन्हा जाणार नाही. झुलतं झाकण लावू नका. वास कोंडतो आणि बुजरी मांजरं त्याला डोकं लावून ढकलायला तयार नसतात.

घरात दोन मांजरं असतील किंवा कुत्रा असेल तर दोन वाटा हव्यातच. एकच तोंड असलेल्या पेटीत कमजोर मांजराला दुसरं मांजर दाराशी दबा धरून अडवतं. असं दोनदा झालं की ते कपाट त्याच्यासाठी संपलं. भाड्याच्या घरात मालकाच्या दाराला किंवा भिंतीतल्या कपाटाला भोक पाडायचा विचार डोक्यातून काढा. सुटं फर्निचर सोबत नेता येतं.

आतली बाजू आणि दारं

तळाला जोडाशिवाय एकसंध अस्तर हवं. उरलेला विनाइल फ्लोरिंगचा तुकडा घेऊन हवेची फट, मांजराची वाट आणि दारांची बाजू मोकळी सोडून कडांना चार इंच वर वळवा आणि कोपऱ्यांत सिलिकॉन भरा. सिलिकॉन वाळताना उग्र आंबट वास येतो, तसाच थिनरचा आणि पॉलिशचाही. कपाट दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत रिकामं राहू द्या, मगच मांजराला दाखवा.

समोर पूर्ण रुंदीची दोन दारं, साध्या मॅग्नेट कॅचची. टब ठेवायला टेलिस्कोपिक चॅनेलवरचा ड्रॉवर करून देतो असं मिस्त्री हमखास म्हणेल. शोरूममध्ये छान सरकतो, घरी चॅनेलमध्ये बेंटोनाइटचे कण अडकले की करकरतो आणि मग अडतो. टब हाताने ओढणं बरं. ओसरीत भोकांची रबरी मॅट टाका. दाराच्या आतल्या बाजूला एका हुकाला चमचा, दुसऱ्याला पिशव्या. ही छोटी सोय असली की साफसफाई मिनिटभरात होते, आणि मिनिटभरात होणारं कामच माणूस रोज करतो.

कपाटावर शोभेला लिली किंवा मनी प्लांट ठेवू नका. लिलीचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

मांजराला कपाटाची ओळख

रिकामं कपाट दारं काढून जुन्या ट्रेच्या शेजारी ठेवा आणि काही करू नका. मांजर वास घेईल, आत जाऊन झोपेलही. मग जुना ट्रे तसाच आत सरकवा. त्यातच जायला लागलं की मोठा टब आणा आणि जुन्या लिटरमधलं मूठभर त्यात मिसळा. त्यानंतर एक दार, नंतर दुसरं. जागा बदलायची असेल तर कपाट रोज फूट-दीड फूट सरकवा, एकदम दुसऱ्या खोलीत नाही. कुठल्याही टप्प्यावर बाहेर शू झाली तर एक पाऊल मागे या, रागावू नका. सांडलेली जागा एन्झाइम क्लीनरने पुसा. ब्लीच वापरू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो.

झाकल्यानंतर जास्त लक्ष

उघड्या ट्रेवर मांजर कसं बसतं हे जाता-येता दिसतं. कपाटात गेल्यावर ते दिसायचं बंद होतं, म्हणून गोळे मोजायची सवय लावा. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार शूचे गोळे निघतात. एकदम वाढले, कमी झाले किंवा सुपारीएवढे बारीक झाले तर डॉक्टरांशी बोला. बोका पुन्हा पुन्हा आत जातोय, कण्हतोय आणि गोळा एकही नाही, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. यात उद्यापर्यंत थांबायचं नसतं. जवळच्या डॉक्टरकडे किंवा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी न्या.

सकाळ-संध्याकाळ गोळे काढा. यात आरोग्याचाही मुद्दा आहे: टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू मांजरात असलाच तर विष्ठेतून पडल्यावर संसर्ग करण्याच्या अवस्थेत यायला त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव. गरोदर बाईने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. बेंटोनाइट संडासात टाकू नका, पाइपमध्ये फुगून बसतं. कागदात गुंडाळून कचरागाडीत द्या. दोन ते चार आठवड्यांनी सगळं लिटर बदला आणि टब साध्या साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून परत ठेवा.

पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, कपाट एकदा रिकामं करून बाहेर काढा. तळाच्या कडा, पायांचे स्क्रू आणि अस्तराचे कोपरे बघा. सिलिकॉन कुठे सुटलं असेल तर जुनं खरवडून नवं भरा आणि वाळेपर्यंत मांजराला गॅलरीतल्या दुसऱ्या ट्रेवर पाठवा.